माझ्या नावावरची गस्त

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आमच्या गँगच्या मेटचे आहेत. आईचे उपकार मी वेगळे धरतो, कारण आईला मी पोटचा होतो. मेटचा मी कोणीच नव्हतो. रुळांची देखभाल करणाऱ्या दहा-बारा जणांच्या टोळीला गँग म्हणतात आणि तिच्या मुख्याला मेट. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांचे नाव इथे लिहीत नाही. नाव कागदावर चढले की माणूस अडकतो, असे ते नेहमी म्हणत, आणि मी त्यांना एकदा कागदावर अडकवलेले आहे. त्याचीच ही हकीकत.

माझे वडील पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत हमाल होते. मी बारावीत असताना ते गेले. आई जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. आमचे घर जाम नदीच्या पलीकडे, सावरगावात. घरात माझ्याआधी आठवीच्या पुढे कोणी गेले नव्हते. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना रेल्वेची परीक्षा पास झालो आणि लाइनीवर नोकरी लागली, तीही पांढुर्ण्यातच. मोहल्ल्यात मला बघायला माणसे आली. कॉलेज सुटले याचे कोणाला काही वाटले नाही, मलाही नाही.

पहिल्या दिवशी हातात बीटर दिला. रुळांखालच्या आडव्या स्लीपरखाली गिट्टी, म्हणजे खडी, कोंबायची ती जड, चपट्या तोंडाची कुदळ. तिसऱ्या दिवशी तळव्यांचे फोड फुटले. काकांनी आपला दुपट्टा फाडून माझ्या हाताला पट्ट्या बांधल्या आणि बांधता बांधता विचारले की कुठपर्यंत शिकला. मी सांगितले, बी.ए. करत होतो, आता सुटली.

"सुटली म्हंजे? कॉलेज काय पॅसेंजर हाय का बे, सुटली त सुटली?"

पुढच्या आठवडी सुट्टीला ते स्वतः मला कॉलेजात घेऊन गेले. खिडकीपुढच्या रांगेत माझ्यासोबत उभे राहिले. काका चौथीपर्यंत शिकलेले, वाचायचे एकेका अक्षरावर बोट ठेवून. खिडकीतल्या बाबूंना त्यांनी विचारले की नोकरीवाल्या पोराला घरी अभ्यास करून परीक्षा देता येते का. बाबू म्हणाले येते, प्रायव्हेट फॉर्म भरा. काकांनी फॉर्म घेतला, दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला आणि माझ्या हातात दिला. तेव्हापासून माझे शिक्षण ही गँगची बाब झाली. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे टूलरूमच्या भिंतीशी आडवे व्हायचे आणि मी पुस्तक काढायचो. त्यावर बोलणी खायचो. "काय बे कलेक्टर, रूळ किती डिग्रीवर वाकते थे हाय का तुह्या पुस्तकात?" काका डोळे न उघडता म्हणायचे, "बसू द्या बे त्याले. आपल्यातला एकजण त सावलीतली नोकरी करन."

उन्हाळ्याबद्दल थोडे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आताचे रूळ तुकडे जोडून एकसलग केलेले असतात, मैलोन्‌मैल. थंडीत ते आखडतात, उन्हात वाढायला बघतात. त्यांना दोन्ही अंगांनी धरून ठेवते ती गिट्टी. एखाद्या जागी गिट्टी कमी झाली की तापलेला रूळ तिथून बाजूला सरकतो. त्याला आम्ही 'लाइनीनं पोट काढलं' म्हणतो. पोट काढलेल्या लाइनीवर गाडी आली तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून मे महिन्यात गिट्टी उकरायचे, लाइन उचलायचे काम उजाडताच सुरू करून उन्हाची तपन चढायच्या आत बंद करावे लागते. नऊ वाजता सब्बल, म्हणजे पहार, हातात धरवत नाही, ती ओल्या पोत्याखाली ठेवतो. आणि मग दुपारभर लाइनीच्या प्रत्येक तुकड्यावर एक माणूस चालत फिरतो, रुळावर नजर ठेवून. ही दुपारची गस्त. खांद्यावर पिशवी, पिशवीत लाल झेंड्या, शिट्टी, गाडी थांबवायला रुळावर बांधायचे पटाखे आणि गस्तीची वही. तुकड्याच्या टोकाला पलीकडच्या तुकड्याचा माणूस भेटतो. दोघे वह्या बदलतात आणि मागे फिरतात. समोरचा आला नाही, तर थोडे थांबून त्याच्या तुकड्यात पुढे चालत जायचे, तो सापडेपर्यंत. हा नियम आहे.

त्या वर्षी माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा मे महिन्यातच आली. बाकीचे पेपर माझ्या विश्रांतीच्या दिवशी किंवा काम सुटल्यावर बसले. राज्यशास्त्राचा एक पेपर दुपारी बारा ते तीन होता आणि त्याच दिवशी त्याच वेळी गस्तीवर माझे नाव होते. माणसे कमी होती, दोघे आधीच उन्हाची लू लागून घरी पडले होते. मी सुट्टीचा अर्ज केला, तो मंजूर झाला नाही. उन्हाळ्यात होतही नाही.

मी काकांना सांगितले की यंदा राहू देतो, पुढल्या वर्षी बसतो. टूलरूममध्ये आम्ही दोघेच होतो. ते कुलूप लावायला निघाले होते, थांबले.

"थे गस्त मी फिरतो. तू सही करून ठेव अन जा."

मी म्हणालो, "तुम्ही तर सकाळपासून कामावर असाल."

"मले तू तपन शिकवू नको बे. चौतीस उन्हाळे याच लाइनीवर काढले."

सकाळी काम करणाऱ्याला दुपारी पुन्हा गस्तीवर दाखवता येत नाही. म्हणून रजिस्टरमध्ये नाव माझेच राहायला हवे होते. मी आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात सही केली. काका म्हणाले, कोणाला सांगायचे नाही, घरीही नाही. मी आईलाही सांगितले नाही. त्या दिवशी गस्तीला जातो तसाच डबा घेऊन निघालो, टूलरूमच्या मागे पाण्याच्या टाकीवर हातपाय धुतले, शर्ट बदलला. माझी पिशवी काकांच्या खांद्यावर होती. त्यांनी मला विचारले, पेन दोन घेतले का. मी म्हणालो, हो जी. ते लाइनीकडे गेले आणि मी कॉलेजकडे.

तीन तास मी लिहीत होतो. पंखा फिरत होता, घाम कागदावर पडू नये म्हणून मनगटाखाली रुमाल ठेवला होता. त्या तीन तासांत मला काकांची एकदाही आठवण झाली नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

बाहेर आलो, डब्याच्या पिशवीतला मोबाईल चालू केला, तर आईचे, शेजाऱ्यांचे, गँगमधल्यांचे इतके फोन येऊन गेलेले की मला वाटले घराला आग लागली. मी शेजारच्या मावशींना लावला. त्या माझा आवाज ऐकून ओरडल्या आणि त्यांनी फोन टाकूनच दिला. मग त्यांच्या मुलाने उचलला. तो म्हणाला, "तू तं लाइनीवर पडला म्हने. तुही आई सरकारी दवाखान्यात गेली."

झाले असे होते. पलीकडच्या गस्तवाल्याने स्टेशनवर कळवले की अमुक तुकड्यावरचा माणूस उन्हाने पडला आहे, गाडी पाठवा. स्टेशनवरून ऑफिसात फोन गेला. तिथे रजिस्टर बघितले गेले, त्या तुकड्यापुढे माझे नाव होते. नावापुढे घरचा नंबर होता. तो लावला गेला.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा आई पायऱ्यांवर बसली होती. जिनिंगमधून तशीच आली होती, केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू. तिला अजून कोणी आत सोडले नव्हते. मला बघून ती उठली. रडली नाही. माझ्या शर्टाच्या खिशावर हात ठेवला, तिथे परीक्षेचे प्रवेशपत्र होते आणि दोन पेन. मग ती हसायला लागली. मोठ्याने, लोक वळून बघतील इतकी हसली. आणि मधेच थांबली.

"मंग अंदर कोण हाय?"

 तिने माझ्या तोंडाकडे बघितले आणि तिला कळले.

काका ओल्या चादरीत गुंडाळलेले होते. काखेत, मानेखाली बर्फाच्या पिशव्या. अंगाला हात लावला तर चटका बसेल असे अंग. डोळे अर्धे उघडे, पण ते आम्हाला बघत नव्हते. मधूनच काहीतरी हुकूम देत होते, झेंडी लाव, झेंडी लाव, आणि हात उचलायला बघत होते. डॉक्टरांनी जे होते ते सगळे केले आणि सांगितले की नागपूरला हलवा, ऊन मेंदूपर्यंत गेले आहे.

त्यांचे गाव सौंसरच्या पुढे, मोहगावच्या रस्त्याला. त्यांच्या घरून कोणी येईपर्यंत थांबता येत नव्हते. ॲम्बुलन्समध्ये मी चढलो तर माझ्यामागे आईही चढली. मी तिला घरी जायला सांगितले.

ती म्हणाली, "माह्या लेकाच्या जागी थो निजला हाय. मी कशी जाऊ?"

नागपूरपर्यंत ती ओला फडका त्यांच्या कपाळावर धरून बसली. आयुष्यात ती त्यांना दोनदाच भेटली होती.

गस्तवाल्याने मला काय सांगितले ते नंतरचे. तो टोकाच्या दगडाशी निंबाखाली थांबला होता. माझी वाट बघत होता, कारण त्यालाही माझेच नाव माहीत होते. मी येत नाही म्हणून त्याने मला शिव्या दिल्या, पोट्टा सावली पाहून झोपला असन, असे त्याला वाटले. मग नियमाप्रमाणे तो माझ्या तुकड्यात शिरला. पाऊण किलोमीटरवर त्याला काका दिसले, लाइनीच्या कडेला, तोंड गिट्टीवर. पाण्याच्या बाटलीत पाणी शिल्लक होते. हाताची नखे फुटून रक्त आले होते. तो म्हणाला, तिथे काहीतरी उकरून राहिले होते, मले काही समजलं नाही.

दोन दिवसांनी साहेब, म्हणजे आमचे सेक्शन इंजिनिअर, विचारपूस करायला येणार होते. आदल्या संध्याकाळी गँग टूलरूममध्ये जमली. बोलला तो आमचा चाबीवाला, रोज रुळाच्या चाव्या तपासत फिरणारा, काकांच्या खालोखाल जुना माणूस. तो म्हणाला, असे सांगायचे की याच्या पोटात कळ आली, हा घरी गेला आणि काका आपल्या मनाने पिशवी घेऊन निघाले. खरे सांगितले तर खोट्या सहीवरून पोराची नवीन नोकरी जाईल आणि ज्याने ती करायला लावली तो मेटही जाईल. असे सांगितले तर कोणाचे काही जात नाही. त्याचा हेतू वाईट नव्हता. मला तर तो तेव्हा देवासारखा वाटला.

चौघांचे जबाब लागणार होते. लिहिता मला चांगले येत होते, गँगमध्ये सगळ्यांचे अर्ज मीच लिहायचो. ते चारही जबाब मी लिहिले. प्रत्येकाचा थोडा वेगळा, म्हणजे संशय येऊ नये. 'सदर दिवशी', 'स्वेच्छेने', असे शब्द घातले. बाकीच्यांनी सह्या केल्या. माझ्या शिक्षणाचा माझ्या गँगला झालेला सर्वांत मोठा उपयोग तो होता.

साहेब जबाब घेऊन गेले त्याच दिवशी दुपारी गस्तीवर मी होतो. तपन कमी झाली नव्हती आणि माणसे तर आणखी एकाने कमी झाली होती. पिशवी तीच, मला परत मिळालेली. तिच्या पट्ट्याला काकांच्या घामाचे पांढरे डाग होते. मी चालत गेलो आणि त्या जागी येऊन थांबलो.

तिथे बकऱ्यांची पायवाट लाइन ओलांडते. बकऱ्या रोज चढून-उतरून गिट्टी खाली ढकलतात. पंधरा-वीस स्लीपरच्या टोकाशी गिट्टीचा बांध नव्याने रचलेला होता. घमेले नाही, फावडे नाही, नुसत्या हातांनी. उतारावरून एकेक दगड वर आणून लावलेला. काही दगडांवर वाळलेले रक्त होते.

ती जागा मला माहीत होती. पेपरच्या आदल्या दिवशीच्या गस्तीत मी ती बघितली होती. स्लीपरची टोके उघडी पडलेली बघून मी मनात म्हटले होते की टूलरूमला गेल्यावर काकांना सांगतो. मग सही करायची गोष्ट निघाली, पेपरची निघाली, आणि मी विसरलो. सांगितले असते तर सकाळच्या गार हवेत गँगने अर्ध्या तासात ती भरली असती. त्याऐवजी साठीला आलेल्या माणसाने ती दुपारी दीड-दोनला एकट्याने भरली. झेंडी लावून गाड्या रोखता आल्या असत्या. मग ऑफिसातून लोक आले असते, गस्तीवर कोण आहे ते बघितले गेले असते. काकांनी गाड्या थांबवल्या नाहीत आणि लाइन पोट काढेल अशीही ठेवली नाही. हे सगळे मला तिथे उभे राहून एकदम कळले. मी गिट्टीवर बसलो. नंतर उठून पुढे गेलो, कारण टोकाला माणूस वाट बघत असतो.

त्यानंतरचे दीड महिने कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. जेवण उतरत नव्हते. आई ताट समोर ठेवून बसायची.  नोकरी सोडावी असे वाटायचे आणि सोडली तर काकांनी केले ते वाया जाईल असेही वाटायचे. काका वाचले. आठवड्याने माणसे ओळखायला लागले. पण चाल गेली. उभे राहिले की झुलायचे, बोलताना जीभ जड व्हायची, पेला धरला की पाणी सांडायचे. डॉक्टर म्हणाले की उन्हाने मेंदूचा तोल सांभाळणारा भाग भाजला आहे, पूर्ण भरून येणार नाही. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

आणि मग ऑफिसातून कागद आला. काका ज्या वेळी पडले त्या वेळी ते ड्युटीवर नव्हते. त्यांची ड्युटी अकराला सुटली होती. म्हणून ही कामावरची इजा धरता येत नाही. उलट, गस्तवाला घरी गेल्याचे वर न कळवता ते स्वतः का गेले, याचा खुलासा त्यांनीच द्यावा. सगळे माझ्या अक्षरातल्या जबाबांवरून ठरले होते. चाबीवाला म्हणाला होता कोणाचे काही जात नाही. चौतीस उन्हाळ्यांचा माणूस विनाकारण उन्हात फिरायला गेलेला ठरला होता.

जुलैत निकाल लागला. मी पास झालो. गुणपत्रक घेऊन मी सौंसरच्या बसमध्ये बसलो, तिथून पुढे त्यांच्या गावाला. घरी काकूंनी अंबाडीचे सरबत दिले. काका ओसरीत खाटेवर होते. मी पाया पडलो आणि कागद त्यांच्या हातात दिला. हात इतका हलत होता की मलाच तो धरावा लागला. त्यांनी बोटाने ओळी शोधल्या आणि तुटक तुटक विचारले, त्या दिवशीचा कोणता. मी राज्यशास्त्र दाखवले. त्यात मी जेमतेम पास होतो, सगळ्यांत कमी गुण तिथेच. त्यांनी आकडा वाचला आणि माझ्याकडे बघितले.

"येवढेच? मीच गेलो असतो बे पेपरले. तू फिरला असता गस्त."

ते हसले. हसताना तोंडातून लाळ आली, काकूंनी पदराने पुसली. 

मी कागदाचा विषय काढला. म्हणालो, मी खरे सांगतो. त्यांचे तोंड लगेच बदलले. त्यांनी नकारार्थी मान हलवली, मग शब्द जुळवत म्हणाले, "तुही नवकरी नवी हाय. माही त सरली. कोनी विचारलं त मी नाई म्हनीन. मीच गेलो म्हनीन." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केले. त्यांच्यापुढे मी कधी वाद घातला नव्हता, त्या दिवशीही घातला नाही.

काकू मला बस येते तिथपर्यंत सोडायला आल्या. संत्र्याच्या बागेच्या कडेने रस्ता जातो, तिथे त्या थांबल्या. त्यांना कागदातले काही कळत नव्हते, पण त्यांनी एकच विचारले. "बाबू, तुमच्या कागदात हे कायनं पडले म्हनून लिवलं?"

मी म्हणालो, उन्हाने. त्या म्हणाल्या, गावात लोक तसे म्हणत नाहीत. ड्युटी नव्हती तर लाइनीवर कायले गेला होता, दारू पिऊन पडला असेल, असे म्हणतात. आणि आता जे झुलत चालतात, जीभ अडखळते, ते बघून पोरे मागून चाल काढतात. त्या म्हणाल्या, "ह्या मानसानं कधी सुपारी नाई खाल्ली. त्याईले हे मी सांगतलं नाई. तू बी नको सांगू."

बस आली. लोधीखेड्याच्या कोणाच्या तरी लग्नाची मंडळी बसमध्ये होती, गाणी चालली होती. मी मागच्या बाकावर बसलो. दारू. माझ्या चार जबाबांच्या आत हा शब्द कुठेच नव्हता आणि तरी तो तिथूनच निघाला होता.

दोन दिवसांनी मी साहेबांसमोर नवा जबाब ठेवला. तीन पाने. सहीबद्दल, पेपरबद्दल, बकऱ्यांच्या वाटेबद्दल. सोबत प्रवेशपत्राची नक्कल जोडली, म्हणजे बारा ते तीन मी कुठे होतो ते दिसावे. आधीचे चारही जबाब मी लिहिले, बाकीच्यांनी फक्त सह्या केल्या, हेही लिहिले. चाबीवाला माझ्याशी तेव्हापासून बोलत नाही. साहेबांनी वाचले, पुन्हा वाचले. ते हिंदीत बोलतात. म्हणाले की हे तेव्हाच सांगितले असते तर सोपे होते, आता तू स्वतःला खोटारडा म्हणून सिद्ध केले आहेस आणि खोटारड्याचा दुसरा कागद कोण मानणार? ते मेटना स्वतः जाऊन विचारतील. मेट हो म्हणाले तर हा कागद पुढे जाईल आणि माझी नोकरी जाऊ शकेल. नाही म्हणाले तर जुनेच जबाब राहतील, माझी नोकरी वाचेल आणि मेटना काहीच मिळणार नाही.

काका नाही म्हणणार हे मला ठाऊक होते. फोन केला तर ते काकूंच्या हातात देतात, बोलायची लाज वाटते म्हणून. समोर गेलो तर तोंड फिरवतात. पत्र मात्र ते वाचतात, बोट ठेवून, शेवटपर्यंत. म्हणून मोठ्या अक्षरात, ओळी सुट्या सुट्या ठेवून मी हे पत्र लिहिले आणि त्याच दिवशी टपालात टाकले.

पांढुर्णा, शनिवार

काका,

पाया पडतो. काकूंनाही सांगा. हे पत्र तुम्ही स्वतःच वाचा, कोणाकडून वाचून घेऊ नका. वेळ लागला तरी चालेल.

मी साहेबांना सगळे लिहून दिले आहे. तुम्ही नको म्हणाला होता. तरी दिले.

लिहिले ते असे. गस्त माझी होती. पेपर माझा होता. सही मी आदल्या दिवशी केली. तुम्ही माझ्या जागी गस्त फिरत होता, म्हणजे तुम्ही कामावरच होता. बकऱ्यांच्या वाटेजवळची गिट्टी तुम्ही हातांनी भरली. ती जागा मी आदल्या दिवशी बघितली होती आणि तुम्हाला सांगायला विसरलो. हे तुम्हाला माहीत नव्हते. तुम्हाला आधी सांगायला हवे होते, साहेबांना नंतर. माझे धाडस झाले नाही.

साहेब गुरुवारी सकाळी तुमच्या घरी येतील. दोनच गोष्टी विचारतील. तुम्ही गस्तीवर होता का आणि ती गस्त कोणाच्या नावावर होती. पहिल्याला हाव म्हणा. दुसऱ्याला माझे नाव घ्या. जीभ अडली तर मान हलवा, चालते. काकूंना शेजारी बसवा. नागपूरच्या दवाखान्याचे कागद पेटीतून काढून ठेवा.

तुम्ही म्हणाल, पोराची नोकरी जाईल. जाऊ शकते. मी आईला सांगितले आहे. ती म्हणाली, जिनिंग आहे, मंडी आहे, तू आहेस. मी आता बी.ए. आहे, दुसरी परीक्षा देईन. ते शिक्षण तुम्हीच केले आहे, तेवढे कोणी काढून घेऊ शकत नाही.

आता एक गोष्ट लिहितो, काकूंनी नको म्हटले होते. त्यांच्यावर रागावू नका. गावात लोक म्हणतात की तुम्ही दारू पिऊन लाइनीवर पडला. ड्युटी नव्हती तर गेला कशाला, असे विचारतात. काकू हे रोज ऐकतात आणि तुम्हाला सांगत नाहीत. तुम्ही गुरुवारी नाही म्हणाला तर ते कायमचे तसेच राहील, आणि ते मी लिहिलेल्या कागदामुळे राहील. माझी नोकरी वाचेल आणि मी रोज त्याच लाइनीवर चालेन. काका, ते मला जमणार नाही.

गुरुवारी मला साहेबांसोबत येऊ देणार नाहीत. मी दिवसभर कामावर असेन. संध्याकाळी काकूंना फोन करीन. त्यांनी फक्त एवढे सांगावे, हाव म्हणाले की नाही.

तुमचे आजवर सगळे ऐकले, हे एक ऐकत नाही. माझ्यावर रागवा, बोलू नका, घरी येऊ देऊ नका. पण गुरुवारी नाही म्हणू नका.

तुमचा,
ज्याची गस्त होती तो